दिवाळीनंतरचे आमच्या चांदणीचे दूध

आमच्या घरी चांदणी नावाची गाय आहे. ती होल्स्टीन संकरित आहे. रंगाने काळीपांढरी, आणि कपाळावर चांदणीसारखा ठिपका. तिच्या दुधावर आमचा किराणा, माझ्या वह्या आणि सोसायटीचा हप्ता एवढे भागते. म्हणून तिचे दूध कमी झाले की घरात सगळ्यांचे बोलणे कमी होते.

ही हकिकत २०२४ सालच्या कार्तिकातली आहे. तेव्हा मी सहावीत होते. त्या वेळी डेअरीवर माझ्या आईला सगळ्यांसमोर एक शब्द ऐकावा लागला. तो शब्द का आला आणि खोटा कसा ठरला, हे सांगायचे तर आधी चाऱ्याचे सांगावे लागेल.

आमचे गाव राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर आहे. पावसाळ्यात बांधाबांधाला गवत असते. दिवाळी झाली की ते गवत बी धरून वाळते. गाय ते खाते, पण त्यात कस राहत नाही. आम्ही राहुरीच्या कृषी विद्यापीठातून फुले जयवंत गवताचे ठोंब आणून लावले आहेत. ते उन्हाळ्या-पावसाळ्यात भराभर वाढते, पण थंडी पडली की तेही हात आखडते. रब्बी ज्वारी नुकती कोठे गुडघ्याला आलेली असते. तिचा कडबा फाल्गुनाशिवाय मिळायचा नाही, आणि मागच्या वर्षीची गंज तळाला गेलेली असते. म्हणजे जुने संपले आणि नवे आले नाही, असे हे दिवस.

नेमक्या याच दिवसांत कारखाने सुरू होतात आणि ऊसतोड लागते. तोडीच्या फडातून वाढ्यांच्या मोळ्या मिळतात. हिरवेगार वाढे पाहून आपल्याला वाटते, आता काय, चाऱ्याची चंगळ! आमच्या आबांनाही तसेच वाटले. कडबा महाग झाला होता. कार्तिकी एकादशी झाली, पलीकडच्या मळ्यात तोड आली, आणि आबांनी दुसऱ्या दिवसापासून कडबा बंद करून चांदणीपुढे वाढेच वाढे टाकले. तिने ते आवडीने खाल्ले. पोट टम्म दिसायचे.

आमच्या घरी दुधाची वही मी लिहिते. डेअरीवर यंत्रातून पावती निघते, तीही मी वहीत डकवते. एकादशीपर्यंत चांदणी दोन्ही वेळचे मिळून १४ लिटर देत होती. फॅट ३.६ आणि एसएनएफ ८.५. (फॅट म्हणजे दुधातली चरबी. एसएनएफ म्हणजे चरबी आणि पाणी सोडून जे उरते ते, म्हणजे प्रथिने, दुधातली साखर आणि क्षार.) आमच्या डेअरीत ३.५ आणि ८.५ ला पुरा दर मिळतो, त्याच्या खाली गेले की दर कापतात. वाढे सुरू केल्यावर आठ दिवसांनी वहीत दूध ११ लिटर आणि एसएनएफ ८.२ लिहिले गेले. फॅट तेवढेच राहिले.

आबा म्हणाले, "व्यायला अडीच महिने झाले, आता दूध उतरायचंच." यात खोटे काही नाही. गाय व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांत दूध शिगेला जाते आणि मग हळूहळू उतरते. पण हळूहळू! आठ दिवसांत तीन लिटर उतरणे म्हणजे हळूहळू नव्हे. शेजारच्या काकू म्हणाल्या, थंडीने आटले असेल. तेही खरे नव्हते. होल्स्टीन गाईला उन्हाचा त्रास होतो, आपल्याकडची थंडी तिला मानवते. फक्त हौदातले पाणी पहाटे बर्फासारखे होते आणि ती कमी पिते. एक लिटर दुधामागे तिला तीन-चार लिटर पाणी लागते, म्हणून आई तिला सकाळी मोटारीचे ताजे पाणी पाजते. ते कोमट असते.

दूध वाढावे म्हणून आबांनी मग मक्याचा भरडा सुरू केला. एकदम तीन किलो, आणि तोही एकाच वेळी. शेजारून कोवळा लसूणघास आणला, आणि सगळा चारा कुट्टी यंत्रातून अगदी बारीक करून घातला. चार-पाच दिवसांत दूध साडेबारा लिटर झाले, एसएनएफही ८.४ वर आला. आबा खूश झाले. पण फॅट पावतीवर ३.६ वरून ३.३, मग ३.१, आणि ३० नोव्हेंबरला २.९.

त्या दिवशी डेअरीवर दूध मापणारे काका सगळ्यांसमोर आईला हसून म्हणाले, "काय वहिनी, विहिरीला पाणी लई झालं वाटतं!"

आई काही बोलली नाही. घरी आली, किटली पालथी घातली आणि चुलीपुढे बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती डेअरीवर गेली नाही, मी गेले.

मी वही गुरुजींना दाखवली. गुरुजींनी उत्तर सांगितले नाही, फळ्यावर गणितच घातले. दुधात पाणी घातले तर काय काय पातळ होईल? मी म्हटले, सगळेच. मग करा म्हणाले. फॅट ३.६ चे २.९ व्हायचे असेल, तर १० लिटर दुधात जवळजवळ २.४ लिटर पाणी घालावे लागेल. ३६ ला १२.४ ने भागून पाहा. पण तेवढे पाणी घातले तर ८.५ चा एसएनएफही पातळ होऊन ६.९ च्या आसपास यायला हवा. आमच्या पावतीवर तर तो ८.४ होता. म्हणजे पाणी घातलेले नव्हते. मला हे गणित सुटले तेव्हा जो आनंद झाला तो परीक्षेतही कधी झाला नव्हता.

दादा म्हणाला, "मग ते म्हणतील मलई काढली." पण आमचे दूध धारा काढल्यावर अर्ध्या तासात डेअरीत जाते. एवढ्या वेळात साय वर येत नाही. एक मात्र खरे, शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असते. कास पुरती रिकामी केली नाही तर फॅट कमी लागते. आमची आई पुरती पिळून काढते, त्यामुळे तीही शंका गेली.

मग फॅट गेले कोठे? त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्याचे डॉक्टर गावात लसीकरणाला आले होते. त्यांनी आधी शेण पाहिले. शेण पातळ होते आणि त्यात मक्याचे कण दिसत होते. मग मला म्हणाले, "ती रवंथ करती ना, एका घासाला किती वेळा चावती ते मोज." मी मोजले. तीस-पस्तीस वेळा चावून ती घास गिळत होती. डॉक्टर म्हणाले, पन्नास-साठ वेळा चावले पाहिजे.

त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत लिहिते. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू राहतात. गवत, कडबा गाय पचवत नाही, हे जंतू पचवतात. कडब्यासारख्या तंतूंच्या चाऱ्यापासून ते जे आम्ल तयार करतात ते व्हिनेगरमध्ये असते तेच. त्यापासून कासेत दुधाची चरबी तयार होते. भरडा जास्त झाला, चारा फार बारीक झाला, की दुसरी आम्ले वाढतात आणि पोट आंबते. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या तोंडातून दिवसाला १०० लिटरच्या वर लाळ पोटात जाते. त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो, तो हे आंबलेपण मारतो. चारा बारीक म्हणजे चावणे कमी, चावणे कमी म्हणजे लाळ कमी. असे ते एकात एक गुंतलेले आहे.

आणि पहिल्या आठ दिवसांत नुसत्या वाढ्यांवर दूध का उतरले? वाढ्यांत पाणी फार आणि प्रथिने कमी. पोट भरते, पण दुधाला लागणारे मिळत नाही, म्हणून दूध आणि एसएनएफ दोन्ही उतरले. शिवाय वाढ्यांत ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ असतो. तो चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवतो आणि ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. एक लिटर दुधात सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम असते. १४ लिटर म्हणजे जवळजवळ १७ ग्रॅम रोज अंगातून जाते. चाऱ्यातून मिळाले नाही तर गाय ते आपल्या हाडांतून काढून देते. हे ऐकून मला फार वाईट वाटले. आम्ही समजत होतो ती मजेत खाते आहे!

तिसरी गोष्ट आमच्या आजीला डॉक्टरांच्या आधीच ठाऊक होती. ती भरड्याच्या दिवशीच म्हणाली होती, "काल वाढं, आज मका, उद्या घास. तिचं पोट हाय का गिरणीचा डबा?" आबांनी तेव्हा ऐकले नाही. पोटातल्या जंतूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून जुना चारा थोडा थोडा कमी करून नवा वाढवावा लागतो.

मग आम्ही असे केले. भरडा एका किलोवर आणला आणि दोन वेळांत वाटला. त्याच्याबरोबर सरकी पेंड ठेवली. खुराकाचा हिशेब डॉक्टरांनी सोपा सांगितला : अंगासाठी एक-दीड किलो आणि प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. बाजरीचे सरमड होते ते आणि शेजाऱ्यांकडून थोडा कडबा उसना आणून रोज पाच किलो कोरडा चारा सुरू केला. कुट्टी बोटाच्या दोन पेरांएवढी ठेवली. हिरवा चारा वीस किलो, त्यात वाढे पाच किलोच, आणि त्यांवर चुन्याची निवळी शिंपडायची. ते काम माझ्याकडे होते. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम आंबोणात. लसूणघास दहिवर उडाल्यावरच घालायचा आणि तोही आधी थोडा कोरडा चारा देऊन, नाहीतर पोटफुगी होते.

येथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती याच दिवसांतली आहे. कोवळ्या रब्बी ज्वारीची विरळणी करताना उपटलेली रोपे कोणी जनावरांना घालू नये. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असते. त्याला किराळ लागणे म्हणतात. जनावर पाहता पाहता आडवे होते. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर ते भय उरत नाही.

फॅट लगेच आले नाही. पहिल्या आठवड्यात ३.१, मग ३.३. दूध बारा लिटरवर अडले. आबा रोज संध्याकाळी विचारायचे, "किती आलं गं?" आणि मी सांगितले की गप्प व्हायचे. २० डिसेंबरला १३ लिटर, फॅट ३.५, एसएनएफ ८.५. चौदा लिटर काही पुन्हा झाले नाही. तेवढे गेले ते गेलेच.

डेअरीतल्या काकांना मी गणिताचा कागद दाखवला होता. ते आधी हसले. मग म्हणाले, करून पाहू. त्यांनी आमच्याच किटलीतले एक लिटर दूध घेतले, त्यात मापाने २४० मिलिलिटर पाणी घातले आणि यंत्रात लावले. फॅट तर पडलेच, पण एसएनएफ ६.८ आला. त्यांनी ती पावती दोनदा पाहिली. दुसऱ्या दिवशी आई स्वतः दूध घेऊन गेली तेव्हा ते रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असे म्हणाले, "वहिनी, आमचं चुकलं. पोरगी हुशार हाय तुमची." आईने घरी येऊन हे सांगितले नाही, मला शेजारच्या काकूंकडून कळले.

यंदा चांदणी कोजागिरीनंतर व्याली. कालवड झाली आहे. आबांनी फाल्गुनातच कडब्याच्या जास्त पेंढ्या घेऊन गंज रचली, आणि मक्याचा चीक भरल्यावर कापून सप्टेंबरात मुरघासाच्या पिशव्या भरल्या. ४५ दिवसांनी त्या उघडल्या, तर आंबूस गोड वास आला. दसऱ्यानंतर घरच्या दोन गुंठ्यांत लसूणघास पेरला आहे, त्याची पहिली कापणी दोन महिन्यांनी येईल. वाढ्यांच्या मोळ्या परवा आल्या. आबांनी मला विचारून पाच किलो तोलून घातल्या.

आज सकाळची पावती या कागदाच्या खाली डकवली आहे. फॅट ३.६, एसएनएफ ८.५.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी