आगीकडे धावणारे

आमच्या नरडाण्याकडे कापूस घरोघरचा. वरून कितीही पाणी मारा, पेटलेली गठाण आतून धुमसतच राहते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर अशाच गठाणी पेटल्या. त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. तरी बंबवाले हटले नाहीत. चारच्या सुमारास स्फोट झाला. ६६ जवान गेले. त्यांचं स्मारक भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात आहे.

खेड्यात बंब पोचेपर्यंत शेजारीच धावतात. लहानपणी अशा रांगेत मीही बादली पुढे दिली आहे. घर कुणाचं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या हातांची नावं दगडावर नाहीत. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला गाव जमतं; तेव्हा ती मोठ्यानं वाचावीत.