रक्तदाबाचा आकडा : वाचावा कसा?

नाडीपरीक्षेस आपण जेवढी स्वस्थता देतो, तेवढी रक्तदाबमापनास क्वचितच देतो. रुग्ण जिना चढून येतो, लगेच दंडाला पट्टा बांधला जातो आणि कागदावर आकडा उमटतो. त्याच आकड्यावर सर्पगंधेची मात्रा ठरते; एखादा रुग्ण तर एकच चांगला आकडा पाहून चालू असलेली गोळी परस्पर सोडतो. म्हणूनच आकड्याची विश्वासार्हता हा चिकित्सेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

वरचा आकडा हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा, तर खालचा शिथिलतेच्या वेळचा. १९०५ मध्ये कोरोत्कॉफ यांनी ध्वनिश्रवणाची पद्धत सांगितली. पहिला ध्वनी ऐकू येतो तो वरचा दाब आणि ध्वनी लुप्त होतो तो खालचा. काही रुग्णांत, विशेषतः वृद्धांत, ध्वनी मध्येच नाहीसा होऊन पुन्हा उमटतो. यास्तव प्रथम नाडीस्पर्शाने वरचा दाब अजमावावा, पट्टा त्याहून ३० मि.मी. अधिक फुगवावा आणि हवा सेकंदास २ ते ३ मि.मी. या गतीने सोडावी.

मापनापूर्वी रुग्णास ५ मिनिटे स्वस्थ बसवावे. पाठीस आधार, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत आणि मौन आवश्यक. त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा वा तंबाखू नको. मूत्रवेगही धारण केलेला नसावा. स्थूल दंडास लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटाच वाढतो. प्रथम भेटीत दोन्ही दंडांवर मोजून, अधिक दाब दाखविणारा दंड पुढे कायम ठेवावा.

चिकित्सालयात निरनिराळ्या दिवशी १४०/९० वा अधिक, अथवा घरी सरासरी १३५/८५ वा अधिक आढळल्यास उच्च रक्तदाब समजण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० वर आणली. मात्र १८०/१२० च्या वर दाब असून छातीत वेदना, श्वासकष्ट वा अंगाचा लुळेपणा असेल, तर पुनर्मापनात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधालयचालकांनीही दक्ष राहावे. नाडी अनियमित असल्यास स्वयंचलित यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. ज्येष्ठमधाच्या अधिक मात्रेतील दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. लवणयुक्त चूर्णांबाबतही विचारपूस करावी.

आकड्यासोबत वेळ, दंड व स्थिती यांची नोंद ठेवावी आणि किमान दोन मापनांची सरासरी पाहूनच औषधाची मात्रा बदलावी, एवढीच सर्व व्यवसायबंधू-भगिनींस विनंती.