पत्र्याखालचं ऊन कोण मोजणार?

भीमजयंती 14 एप्रिलला, बुद्धपौर्णिमा बहुतेक वेळा मे महिन्यात. आपले दोन्ही मोठे सण ऐन उन्हाळ्यात येतात. मिरवणुकीत पाणी वाटणारी, चक्कर आलेल्या आजीला सावलीत नेणारी मुलं-मुली आपल्याच वस्तीतली असतात. उन्हाळ्याचा सरकारी आराखडा ठरतो तेव्हा मात्र त्यांना कोणी विचारत नाही. विचारत नाहीत, तर आपण जायला हवं.

वेधशाळा तापमान मोजते ते मोकळ्या जागी, सावलीत, हवा खेळणाऱ्या पेटीत. मैदानी भागात पारा निदान 40 अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला, की उष्णतेची लाट धरतात. पण आपलं घर त्या पेटीसारखं नसतं. वर पत्रा, भिंतीला भिंत, खिडकी एखादीच. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही उष्णता सोडत राहतात. शरीराला रात्री थंडावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गरोदर बाया, बीपी आणि किडनीचे रुग्ण यांना सगळ्यात आधी. मी नर्स होते तेव्हा केसपेपरवर ‘चक्कर, उलटी, अशक्तपणा’ एवढंच लिहिलं जायचं. घरावर पत्रा आहे का, हे लिहायला रकानाच नव्हता.

मे 2010 च्या लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसं दगावली. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे केले. मुंबईचा हवामान कृती आराखडा 2022 साली आला. शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असतो आणि त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. म्हणजे आपलं म्हणणं मांडायला दरवर्षी जागा आहे.

मंडळाच्या मुला-मुलींनी एवढं करावं:

1. जयंतीच्या वर्गणीतून खोलीचं तापमान दाखवणारे दोन-तीन साधे तापमापक घ्या. दहा घरं निवडा. चुलीपासून लांब, ऊन लागणार नाही असा तापमापक लावून दुपारी 2 आणि रात्री 10 वाजता पंधरा दिवस नोंद करा.

2. त्याच वहीत छप्पर कशाचं, माणसं किती, आजारी कोण, नळाला पाणी किती वेळ, हेही लिहा. लोकांची नावं मात्र अर्जात देऊ नका.

3. माहितीच्या अधिकारात जिल्ह्याचा आणि शहराचा आराखडा मागवा. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

4. वहीची प्रत आणि मागण्या जिल्हाधिकारी व वॉर्ड ऑफिसला द्या. पोच घ्या. दिवाळीआधी द्या, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्या तरतुदीत धरता येईल.

मागण्या साध्या असाव्यात: पत्र्यांना पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, उन्हाळ्यात जादा पाणी, दुपारी पंखे-पाण्यासह उघडं समाजमंदिर, संध्याकाळी चालू दवाखाना, आशाताईंकडे पुरेसं ओआरएस.

या कामात मुलींना पुढे ठेवा. पाण्याच्या रांगेत आणि गॅससमोर त्याच जास्त असतात. घरातली उष्णता त्यांना जास्त माहीत.

तोवर एक लक्षात ठेवा. अंग भाजल्यासारखं तापलं, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. लगेच 108 ला फोन करा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, ते कुणाकडे दया मागून नाही, हक्काने. थंड छप्पर आणि पुरेसं पाणी हाही तसाच हक्क आहे. येत्या रविवारी वंदना झाली की विहारातच बसा आणि पहिली दहा घरं ठरवा.

जय भीम!