लाँच, गळ आणि तंबू : शिवसागरला निघण्याआधी

ग्रुपवर मेसेज पडतो, ‘या वीकेंडला शिवसागर?’ दहा जण अंगठा दाखवतात, चार जण रील्स पाठवतात आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत कुणीच काही ठरवलेलं नसतं. मिसळ खायला जायचं असेल तर हे खपून जातं. पण लाँचने पाण्यात जायचं, गळ टाकायचा आणि रात्री तंबूत झोपायचं असा बेत असेल, तर नाही खपत. डोंगरातलं धरण म्हणजे बेवारस पाणी नव्हे. म्हणून बॅग भरण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधा : हे पाणी कुणाचं, मासा कुणाचा आणि किनारा कुणाचा?

पाणी कुणाचं?

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. १०३ मीटर उंच भिंतीमागे १०५ टीएमसीच्या आसपास पाणी साठवणारा आणि सह्याद्रीच्या खोऱ्यात सुमारे ५० किलोमीटर आत शिरलेला. एका टोकाला कोयनानगर, दुसऱ्या टोकाला तापोळा आणि अध्येमध्ये बामणोलीसारखी गावं. तापोळ्याला महाबळेश्वरहून उतरता येतं, बामणोलीला साताऱ्याहून कास पठार ओलांडून.

हे पाणी मुळात वीजनिर्मितीचं. त्यामुळे त्याची पातळी वर्षभर एकसारखी राहत नाही. पावसाळ्यानंतर झाडांच्या बुंध्याला टेकलेलं पाणी उन्हाळ्यात खूप खाली जातं आणि मध्ये उरतो नुसता चिखलाचा उतार. मित्राने डिसेंबरमध्ये काढलेला फोटो बघून तुम्ही मे महिन्यात गेलात, तर ‘ती’ जागा सापडणारच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात जाऊच नका.

लाँच गावातल्या बोट क्लबची घ्या आणि फोन आधी करा. तासाचे पैसे किती, परतीची वेळ काय, किती जण बसणार आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळणार का, हे चार प्रश्न फोनवरच विचारा. चौथ्याचं उत्तर ‘बघू’ आलं तर दुसरी लाँच शोधा. जॅकेट अंगात घालायचं आणि बकल लावायचं. ते मांडीवर ठेवून काही उपयोग नाही. सकाळी पाण्यावर दाट धुकं असतं, दुपारनंतर वारा उठतो, आणि अंधार पडायच्या आत किनारा गाठायचा असतो. म्हणजे हाताशी उरतो तो उन्हं वर आल्यापासून दुपारपर्यंतचा वेळ. मासेमारीचा बेत त्यातच बसवा. आणि चालक ‘आता वळू या’ म्हणाला की वळायचं. तिथे हुज्जत नाही.

पोहण्याचा मोह होईल. काठ उथळ दिसतो, पण दोन पावलांवर एकदम खोली असू शकते. तळाशी गाळ आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात. नदीत पट्टीचा पोहणाराही इथे अडकू शकतो. दारू आणि पाणी एका दिवसात नकोच.

मासा कुणाचा?

धरणातला मासा आपोआप वाढतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका दिला जातो, अनेकदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. ठेकेदार कटला, रोहू, मृगळ यांचं बीज पैसे घालून सोडतो. त्यामुळे गळ टाकण्याआधी विचारणं हा शिष्टाचार आहेच, शिवाय तो कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न आहे.

शिवसागरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पलीकडचं जंगल कोयना अभयारण्याचं आहे आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. त्या हद्दीत गळ टाकायचा नाही. ही हद्द पाण्यावर आखलेली दिसत नाही, म्हणून ‘इथे टाकला तर चालेल का?’ हे गावात आणि वनखात्याच्या कार्यालयात विचारायचं. ‘नाही’ म्हणाले तर गळ बॅगेतच ठेवा आणि लाँचमधून नुसतं फिरा. तेही काही कमी नाही.

परवानगी मिळाली तर साधी काठी, दोरा, दोन-चार गळ आणि कणकेचे गोळे एवढं सामान पुरे. महाशीर लागला तर ओल्या हाताने धरून, गळ हलकेच काढून लगेच परत सोडा. या माशासाठी लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा पॉवर कित्येक दशकं पिल्लं वाढवून पाण्यात सोडत आली आहे. तो सहज भरून येणारा मासा नाही. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे अंडी घालायला निघतात, तेव्हा गळाचं नावही काढू नका. रात्रीचं कालवण तुमच्या गळावर अवलंबून ठेवू नका. ज्या घरी जेवण सांगाल तिथे भाकरी आणि रस्सा मिळेल, तो तुमच्या माशापेक्षा बरा निघण्याची शक्यता जास्त.

किनारा कुणाचा?

जंगलाच्या बाजूला तंबू ठोकायला परवानगी नाही. वासोट्याला जायचं असेल तर बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. गडावर मुक्काम करता येत नाही. तिथे गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. मुक्काम अलीकडच्या गावांत करा. तापोळा-बामणोली भागात गावकरीच तंबू आणि जेवणाची सोय करतात. स्वतःचा तंबू नेणार असाल तर जमीनमालकाला विचारून जागा घ्या. ती पाण्यापासून लांब, सपाट आणि ओढ्याच्या वाटेबाहेरची हवी. थंडी कडक असते, स्वेटरसोबत कानटोपीही घ्या. रेंज भरवशाची नाही, म्हणून घरच्यांना गावाचं नाव, लाँचवाल्याचा नंबर आणि परतीची वेळ आधीच देऊन ठेवा. स्पीकर घरी ठेवा.

हे सगळं वाचून ‘किती ते नियम!’ असं वाटेल. पण ज्या पाण्यावर तुम्ही सेल्फी काढणार, त्याखाली गावं आहेत. धरण झालं तेव्हा या खोऱ्यातल्या लोकांची घरं, देवळं आणि भातखाचरं पाण्यात गेली. काही जण दूर वसवले गेले, काही वरच्या डोंगरउतारावर सरकले. साठ वर्षं उलटून गेली तरी कोयना धरणग्रस्त पुनर्वसनासाठी आंदोलनं करत आले आहेत. आपल्या घरात लागणाऱ्या दिव्यामागे त्यांची जमीन आहे. तुमची लाँच चालवणाऱ्याच्या आजोबांचं शेत कदाचित तुमच्याच खाली असेल.

म्हणून एक काम नक्की करा. लाँच मधोमध गेली की इंजिन थोडा वेळ बंद करायला सांगा आणि चालकाला विचारा, ‘दादा, जुनं गाव कुठे होतं?’ तो हात करून दाखवेल. रील त्यानंतर काढा.