वीज अभियांत्रिकीचं शिक्षण : काय आलं, काय निसटलं

खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीची वीज मिळू लागली. ती सांभाळणारी माणसं घडवणारी कॉलेजं मात्र मोजकीच होती : मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी, पुढे १९४७ साली सांगलीचं वालचंद. खरा विस्तार १९६० पासूनचा. त्या एका वर्षात राज्य झालं, वीज मंडळ झालं आणि कऱ्हाड, औरंगाबाद, नागपूर इथे नवी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. कोयनेचे संच फिरू लागले तेव्हा आमच्या पिढीला पोफळीचं भूमिगत वीजगृह हेच खरं विद्यापीठ वाटायचं.

अभ्यासक्रमाचा ढाचा बराच काळ एकच राहिला. सर्किट, मशीन्स, पारेषण आणि वितरण. ऐंशीच्या दशकाच्या सुमारास पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि मायक्रोप्रोसेसर आले, पुढे चंद्रपूर-पडघे एचव्हीडीसी वाहिनीमुळे कन्व्हर्टर हा राज्यातल्याच अनुभवाचा विषय झाला. हे सगळं यायलाच हवं होतं. त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, म्हणून तिथे रेंगाळत नाही.

माझा जीव आहे तो ‘स्विचगिअर अँड प्रोटेक्शन’मध्ये. वीज अभियांत्रिकीतले सगळे विषय जिथे एकमेकांना भेटतात, तो हा विषय. फोर्टेस्क्यूनं १९१८ साली मांडलेले सममित घटक वर्गात निव्वळ बीजगणित वाटतात. एका फेजचा जमिनीशी फॉल्ट झाला आणि तो रिलेनं ओळखायचा आहे म्हटलं, की त्याच समीकरणांत जीव येतो. प्रयोगशाळेत आम्ही मुलांच्या हाती स्टॉपवॉच देत असू. तबकडीच्या आयडीएमटी रिलेचं टाइम सेटिंग एकवर ठेवायचं. प्लग सेटिंगच्या दुप्पट प्रवाह सोडला की रिले सुमारे दहा सेकंदांनी पडतो, दहापट सोडला की तीन सेकंदांत. मुलं एकेक बिंदू आलेखावर मांडत. फॉल्ट मोठा तर घाई मोठी. पण त्या घाईलाही क्रम आहे, फॉल्टजवळच्या रिलेनं आधी तोडायचं, मागच्यानं त्याला वेळ द्यायचा. एकदा हातानं काढलेला हा आलेख मुलगा निवृत्तीपर्यंत विसरत नाही. सीटीची दुय्यम बाजू चालू प्रवाहात उघडी सोडायची नाही, हा नियमही त्या पॅनेलसमोरच अंगात मुरायचा.

आमच्यातल्या काही विद्वानांनी या विषयाला ‘सेटिंगचे तक्ते’ म्हणून हिणवलं. रिले आता न्यूमेरिकल झाले, सॉफ्टवेअर सगळं करतं, म्हणून हा विषय ऐच्छिक करा, असा आग्रह त्यांनी धरला आणि अनेक ठिकाणी तो मान्यही झाला. मला तो तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. जुलै २०१२ च्या अखेरीस लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळलं, साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. त्या घटनाक्रमात बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी डिस्टन्स रिलेच्या तिसऱ्या झोनवर सुटली होती. वाहिनीवर फॉल्ट नव्हता. भार वाढलेला, व्होल्टेज खाली आलेलं. दोघांचा भागाकार, म्हणजे रिलेला दिसणारा इम्पिडन्स, इतका घटला की रिलेनं भारालाच फॉल्ट समजलं. सॉफ्टवेअर दिलेलं सेटिंग इमानानं पाळतं. ते सेटिंग कुठे फसेल, हे आधी ओळखायला शिकलेला माणूसच लागतो.

यापुढे तर हा माणूस अधिकच लागणार आहे. सिंक्रोनस जनित्र फॉल्टच्या वेळी रेटेड प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह देतं. आमचं सगळं संरक्षणशास्त्र त्या गृहीतकावर उभं राहिलं. सौर इन्व्हर्टर आपले सेमीकंडक्टर वाचवण्यासाठी प्रवाह रेटेडच्या थोडाच वर जाऊ देतो. मग फॉल्ट आणि भार यांतला फरक रिलेनं कशावरून ओळखायचा? आजच्या ग्रिडमधल्या अवघड प्रश्नांपैकी हा एक आहे. आणि नेमक्या याच काळात मशीन लॅबमधले संच ताडपत्रीखाली गेलेत, प्रयोग पडद्यावर उरकले जातात, हुशार मुलं दुसऱ्या सेमिस्टरलाच शाखा बदलण्याचे अर्ज भरतात. मला याचं मनापासून दुःख होतं. मुलांना दोष देववत नाही. विषयातली थरारक बाजू आपणच त्यांच्यासमोरून उचलून नेली.

माझं मागणं साधं आहे. संरक्षण पुन्हा सक्तीचा विषय करा. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक तरी रिले स्वतः तपासून त्याचा आलेख काढावा. शेवटच्या वर्षाला एखाद्या उपकेंद्रातली प्रत्यक्ष ट्रिपिंगची नोंद पुढे ठेवून काय घडलं ते त्यांच्याकडून लिहून घ्यावं. सिम्युलेशन त्यानंतर खुशाल शिकवा. तेव्हा पडद्यावरच्या उत्तराला ‘हे असं का?’ असं विचारण्याची ताकद मुलांत आलेली असेल. आणि नेमकी तीच ताकद देणं हे विद्यापीठाचं काम आहे.