वाचनाला प्रार्थनेची जोड

रविवारची सामुदायिक उपासना हा ख्रिस्ती धर्माचरणाचा सर्वांना दिसणारा भाग. दुसरा भाग घराच्या चार भिंतींआड असतो. पहाटे अथवा रात्री निजण्यापूर्वी बायबलमधील एखादा उतारा वाचावा, त्यावर मनन करावे आणि मग प्रार्थना करावी, असा अनेक ख्रिस्ती कुटुंबांतील नित्यक्रम आहे. त्याला आधार येशूच्या शिकवणीचा. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करण्यापेक्षा आपल्या खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करावी, असे त्याने सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात नमूद आहे.

प्रोटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके व १,१८९ अध्याय आहेत. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके. रोज तीन-चार अध्याय वाचल्यास वर्षभरात ग्रंथ पूर्ण होतो. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी असे वार्षिक वेळापत्रक आखून दिले. ते आजही वापरले जाते. मात्र, शिस्तीचे रूपांतर हिशेबात होण्याचा धोका येथेच असतो. अध्याय संपतात, मन कोरडेच राहते.

या धोक्यावरचा उपाय जुनाच आहे. बाराव्या शतकातील ग्विगो या मठवासी संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी मांडली. तीत किती वाचले, याला महत्त्व नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांना बायबलवाचनाचा आग्रह केला, तोही वाचनाला प्रार्थनेची जोड देऊनच. देव आणि माणूस यांच्यात संवाद घडावा, हा त्यामागील हेतू. वाचनात माणूस ऐकतो, प्रार्थनेत उत्तर देतो. केवळ वाचन हा अभ्यास ठरेल. केवळ मागणे म्हणजे एकतर्फी बोलणे.

हा संवाद मनापासून व्हायचा, तर ग्रंथ मायबोलीत हवा. विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १८११ मध्ये सेरामपूर येथे मराठी नवा करार छापला गेला. पुढे पंडिता रमाबाईंना सामान्य स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीची निकड जाणवली. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात केल्या आणि आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबलच्या भाषांतराला दिली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी त्या ग्रंथाच्या छपाईत हातभार लावला. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या विदुषीने घरकाम करणाऱ्या बाईच्या वाचनासाठी एवढे कष्ट घ्यावेत, यातच या साधनेचे मर्म आहे.

कवी नारायण वामन टिळक यांच्या जीवनालाही अशाच वाचनाने वळण दिले. रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय सोपा नव्हता. पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. ग्रंथ गांभीर्याने वाचणाऱ्याला त्याची किंमतही मोजावी लागते, ती अशी.

एकांतातील ही साधना मंडळीला पर्याय नाही; एकट्याने लावलेला अर्थ इतरांच्या सहवासात तपासला जातो. तिची खरी कसोटी मात्र दार उघडल्यावर लागते. वचन ऐकूनही त्याप्रमाणे न वागणारा मनुष्य आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्यासारखा असतो, असा दृष्टान्त याकोबाच्या पत्रात आहे. सकाळच्या प्रार्थनेत क्षमेची याचना करणारा दिवसभरात इतरांना क्षमा करतो की नाही, यावरच त्या वाचनाचे मोल ठरते.