फिलिपिनो

फिलिपिनो : फिलिपीन्स द्वीपसमूहातील लोकांना उद्देशून वापरली जाणारी सर्वसाधारण संज्ञा. २०२० च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या १०,९०,३५,३४३ होती. टागालोग, सेबुआनो, इलोकानो, बिकोल इ. भाषिक समूह, दक्षिणेकडील ‘मोरो’ या नावाने ओळखले जाणारे मुस्लिम आणि डोंगराळ भागातील आदिवासी जमाती यांचा तीत अंतर्भाव होतो. ही संज्ञा मुळात या लोकांची नव्हती. स्पॅनिश अमदानीत या बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिश वंशीयांस ‘फिलिपिनो’ व मूळ रहिवाशांस ‘इंडिओ’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा अर्थ व्यापक झाला.

प्राचीन काळ : एटा, आटी इ. नेग्रिटो जमाती येथील सर्वांत जुन्या रहिवाशांच्या वंशज मानल्या जातात. सु. ४,००० वर्षांपूर्वी ऑस्ट्रोनेशियन भाषिक लोक तैवानकडून नौकांनी आले. फिलिपीन्समधील बहुतेक भाषा याच कुलातील असून त्यांचे मलाय व जावानीज भाषांशी नाते आहे. ‘बारांगाय’ ही वस्ती समाजाचा मूळ घटक होती. हे नाव नौकावाचक शब्दावरून आले असून आजही सर्वांत लहान प्रशासकीय घटकास ते लावतात. वस्तीचा प्रमुख ‘दातू’. त्याच्या खाली स्वतंत्र लोक व ‘आलिपिन’ हा पराधीन वर्ग असे. कर्ज न फिटल्याने पराधीनता येई व ती वारसांकडेही जाई.

भारतीय व चिनी प्रभाव : लूझोन बेटावरील लागूना प्रांतात १९८९ मध्ये प्रकाशात आलेल्या ताम्रपटावर शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार (इ. स. ९००) अशी कालनोंद आहे. देशातील हा सर्वांत जुना ज्ञात कालनिर्दिष्ट लेख होय. कावी लिपीतील या लेखाची भाषा प्राचीन मलाय असून तीत संस्कृत शब्द विपुल आहेत. नामवारान नावाच्या पुरुषाचे सोन्यातील कर्ज माफ करून त्याच्या वारसांना ऋणमुक्त केल्याची नोंद त्यात आहे. १९१७ मध्ये मिंदानाओ बेटावरील आगुसान येथे सोन्याची स्त्रीमूर्ती सापडली. ती बौद्ध तारेची असावी, असे मानतात. टागालोगमधील ‘गुरो’ (शिक्षक), ‘मुखा’ (चेहरा), ‘आसा’ (आशा), ‘दिवाता’ (देवता) हे शब्द संस्कृतोद्भव आहेत. मारानाओ लोकांत रामकथेचे ‘महाराडिया लावाना’ हे रूप आढळते. त्याचे नाव रावणावरून पडले आहे. हा प्रभाव मुख्यतः जावा, सुमात्रा व मलाय जगतामार्फत आला. येथे भारतीय वसाहती होत्या, या जुन्या मतास पुरेसा आधार नाही. ‘बायबायिन’ ही जुनी लिपीही ब्राह्मी कुलातील आहे. चिनी व्यापाऱ्यांशी शतकानुशतके असलेल्या संबंधांची खूण ‘पान्सित’ (शेवयांचा पदार्थ), ‘लुम्पिया’ यांसारख्या खाद्यपदार्थांत दिसते.

इस्लाम : सुलू बेटांत पंधराव्या शतकात सुलतानशाही स्थापन झाली, पुढे मिंदानाओतील मागिंदानाओ येथेही ती आली. स्पॅनिश सत्तेला या प्रदेशावर पूर्ण ताबा मिळविता आला नाही. स्वायत्ततेसाठी झालेल्या प्रदीर्घ संघर्षानंतर २०१९ मध्ये बांगसामोरो स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला.

स्पॅनिश अंमल : मॅगेलन १५२१ मध्ये येथे पोहोचला व माक्तान येथे लापुलापूच्या लोकांशी लढताना मारला गेला. लेगास्पीने १५६५ मध्ये वसाहत स्थापिली. १५७१ पासून मनिला ही राजधानी झाली. द्वीपसमूहाला पुढे राजा झालेल्या दुसऱ्या फिलिपचे नाव मिळाले. १५६५ ते १८१५ या काळात मनिला व मेक्सिकोतील आकापुल्को यांदरम्यान गलबते चालत. चिनी रेशीम जाई व अमेरिकेतील चांदी येई. कॅथलिक धर्मसंघांनी विखुरलेल्या वस्त्या चर्चभोवती एकत्र आणल्या. धर्मप्रसार स्थानिक भाषांतून केल्यामुळे स्पॅनिश ही बहुजनांची भाषा झाली नाही. तथापि हजारो स्पॅनिश शब्द टागालोगमध्ये रुळले. १८४९ च्या हुकुमान्वये रहिवाशांना बहुतांशी स्पॅनिश आडनावे देण्यात आली. त्यामुळे आडनावावरून वंशाचा बोध होत नाही. २०२० मध्ये ७८·८ टक्के लोक रोमन कॅथलिक होते.

राष्ट्रीयत्व : १८७२ मध्ये गोमेस, बुर्गोस व सामोरा या तीन धर्मगुरूंना देहान्त शासन झाले. होसे रीसालच्या ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) व ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) या कादंबऱ्यांनी वसाहती अन्यायाला वाचा फोडली. ३० डिसेंबर १८९६ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. बोनिफास्योच्या ‘कातिपूनान’ या गुप्त संघटनेने त्याच वर्षी उठाव केला होता. आगिनाल्दोने १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. पण त्याच वर्षी स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन ही बेटे अमेरिकेच्या स्वाधीन केली. त्यानंतरच्या युद्धात हा प्रतिकार मोडला गेला.

अमेरिकन अंमल व नंतर : अमेरिकनांनी सार्वजनिक शाळांतून इंग्रजीचा प्रसार केला. जपानी अंमलानंतर (१९४२–४५) ४ जुलै १९४६ रोजी देश स्वतंत्र झाला. १९८७ च्या संविधानानुसार टागालोगवर आधारित ‘फिलिपिनो’ ही राष्ट्रभाषा असून तिच्यासह इंग्रजीही राजभाषा आहे.

समाजजीवन : नातेसंबंध मातृ व पितृ या दोन्ही बाजूंनी मोजले जातात. बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या धर्मपालकांमुळे ते अधिक विस्तारतात. उपकाराची जाण (‘उतांग ना लोओब’) हे मोठे मूल्य असून त्यातील ‘उतांग’ म्हणजे ऋण. १९७० नंतरच्या दशकापासून परदेशी नोकरीस शासकीय उत्तेजन मिळाले. परिचारिका, खलाशी व घरकामगार म्हणून लक्षावधी फिलिपिनो जगभर काम करतात. त्यांनी पाठविलेल्या पैशांवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्याची किंमत मात्र ताटातुटीच्या रूपाने याच कुटुंबांना मोजावी लागते.